भटकभवानी

७ सप्टेंबर

आईला आज चंद्रावर बसवलं!

स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होती. तसाच फोटो काढला, मोबाईलवर स्टूल पुसून टाकलं, खाली चंद्र सरकवला. पायाशी सालांचा ढीग होता तो मुद्दाम ठेवला. पण त्या सालांची सावली काही केल्या जमेना — चंद्रावर ऊन एका बाजूने, आणि आमच्याकडे खिडकी डावीकडे, दिवा डोक्यावर. नाकी नऊ आले. शेवटी जमली तेव्हा एकटीच इतकी हसले की चहा उतू गेला.

आईला दाखवायचा तर तिचा चष्मा सापडेना. घरभर शोधला. तो तिच्याच डोक्यावर! "काखेत कळसा," स्वतःच म्हणाली. मग मोबाईल नाकाशी नेऊन बराच वेळ बघत बसली.

"ही कोण गं?"

कोण म्हणजे? तूच की, म्हटलं.

"हात्! मी कसली. बघ कशी बसलीय, जसा काही चंद्र हिच्या बापाचा! भटकभवानी मेली."

झालं. बारसं झालं बाईचं.

८ सप्टेंबर

उठल्या उठल्या आईचा पहिला प्रश्न — "आज कुठं धाडणार तुझ्या भटकभवानीला?"

१३ सप्टेंबर

देवमाशाच्या पाठीवर धाडली. हातात झारा दिला, वल्हं म्हणून. आई खूश. "बुडायची बरं का ही," म्हणे. म्हटलं, तुला पोहता येत नाही, तिला येतं.

माझी पद्धत आता ठरून गेली आहे. फोटो उघडला की पहिलं काम — डाव्या गालावरचा व्रण पुसणे. बोट फिरवायचं, गेला. मग डोळ्यांखालच्या पिशव्या, मग मान. मग प्रवासाची तयारी.

तो व्रण लॉन्ड्रीतला. मोठ्या हॉटेलची लॉन्ड्री, चादरींच्या दाबयंत्राची वाफेची नळी सुटली, आई समोर. तेव्हापासून आईने फोटो म्हणून काढू दिला नाही कुणाला. लग्नकार्यात सगळे उभे राहिले की ही आत ताटं मोजायला. बाहेर पडताना कायम रुमाल, हनुवटीखाली गाठ, गाल झाकलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःच्या फोटोकडे टक लावून बघते आहे — ते मी व्रण पुसला म्हणून. एवढं पुण्य तरी माझ्या नावावर असू दे!

सेव्ह करताना मोबाईल दर वेळी विचारतो, मूळ फोटो ठेवायचा का. जागा कुठे आहे? नको म्हणते. चांगला झाला फोटो, आता तो बिघडलेला कशाला ठेवायचा.

गंमत अशी की लॅबमध्ये माझं पोट अगदी उलट कामावर चालतं. खोटे दात बनवायचे आणि त्यांवर डाग पाडायचे! थोडी पिवळी कड, एखादी बारीक चीर. पांढराशुभ्र दात बसवला की शेजारचे खरे दात चुगली करतात. दिवसभर डाग पाडते, संध्याकाळी घरी येऊन डाग पुसते. हिशेब बरोबर.

२१ सप्टेंबर

रविवार. आमची हौशी मंडळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमली. प्रत्येकाचं एक खूळ. एक निवृत्त मास्तर फक्त कुलपांचे फोटो काढतात. छत्रीवाले फक्त छत्र्यांचे — उलट्या झालेल्या, विसरलेल्या, कचऱ्यात टाकलेल्या. त्यात माझी भटकभवानी — सर्कशीच्या तारेवर, हातात इस्त्री. खोली दणाणली हसून!

छत्रीवाले तेवढे हसले नाहीत. फार निरखून बघत होते. म्हणाले, "फोटो झकास. पण या बाई खऱ्या कशा आहेत हो? एखादा साधा फोटो दाखवा की."

म्हटलं, साधा फोटो कोणीही काढतं.

आले घरी आणि उगाचच रागावलेली होते. छत्र्यांचे फोटो काढणाऱ्याने मला शिकवावं!

४ ऑक्टोबर

आईला जिन्यात लहान मुलाचा एक हातमोजा सापडला. लाल. सकाळपासून मजल्यामजल्यावर दारं ठोठावत फिरली. "हा कुणाचा? पोराचा हात गारठला असेल." आमच्या इमारतीत नाही म्हटल्यावर समोरच्या इमारतीत गेली. दुपारचं जेवण नाही, काही नाही. अशीच आहे पहिल्यापासून. दुसऱ्याचं हरवलं की हिच्या जिवाला घोर. लॉन्ड्रीत चादरींत गुंडाळलेलं एखादं कानातलं सापडलं की खोल्या पालथ्या घालायची, मालकीण सापडेपर्यंत.

हातमोजेवाला मुलगा सापडला शेवटी. ते मला मुलाच्या आईने सांगितलं — जिन्यात गाठून. हळूच. "काकूंनी तोच हातमोजा आमच्याकडे तीनदा आणून दिला."

१९ ऑक्टोबर

डॉक्टर आईला म्हणाले, घड्याळ काढा बघू. आईने वर्तुळ छान काढलं. आकडे सगळे एका बाजूला, दाटीवाटीने. काटे काढलेच नाहीत. "मला कुठं जायचंय," म्हणाली. डॉक्टर हसले. मीही हसले. मग त्यांनी आईला बाहेर बसायला सांगितलं आणि मला जे सांगितलं ते मला माहीत होतंच.

घराला बाहेरून कुलूप लावा म्हणाले, तुम्ही कामावर असाल तेव्हा. आईला कोंडायची? मी नाही लावणार.

२६ ऑक्टोबर

जेवायला बसलो. आईने तीन ताटं मांडली.

"भटकभवानी यायची आहे ना. दमून येईल."

मी हसले. मग बघितलं तर आई हसत नव्हती. दाराकडे बघत होती.

९ नोव्हेंबर

मावशी आली होती. आईची धाकटी बहीण, तशीच काडी, तसेच पांढरे केस, तोच करडा कोट — दोघींनी एकाच दुकानातून घेतलेले. मागून बघितलं तर कळायचं नाही कोणती कोण. फक्त तोंड उघडलं की कळतं. आई गोड, मावशी मिरची.

भिंत बघून थबकली. भिंतीवर मी सगळे फोटो छापून लावलेत — चंद्र, देवमासा, सर्कस, दीपगृहाच्या टोकावर कपडे वाळत घालताना. आई त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसते आणि बोलते. "काय गं, पाय नाही दुखले?" वगैरे.

मावशी मला गॅलरीत ओढून नेऊन म्हणाली, "तू तिला वेड लावशील या खेळांनी."

म्हटलं, दिवसात ती एवढंच हसते. तेही बंद करू?

"ती कुणाला बघून हसते ते बघ आधी. ती माझी बहीण नाही त्या भिंतीवर."

तिच्या गुडघ्याची पट्टी बदलून दिली, चहा दिला, पाठवलं. नंतर धुसफुसत भांडी घासली. बोलायला काय जातं! महिन्यातून एकदा यायचं, चार उपदेश पाजायचे, घरी जायचं.

१७ नोव्हेंबर

आई न्हाणीघरात किंचाळली. धावले. आरशाकडे बोट दाखवत होती. "ही म्हातारी कोण आत शिरली? हिचा गाल बघ! हिला भाजलंय, डॉक्टरकडे ने हिला."

आरशावर टॉवेल टाकला. भिंतीपाशी नेऊन बसवली. भटकभवानी दिसली तशी शांत झाली.

मी मात्र न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. लिहून ठेवते. दुसऱ्या कुणाला सांगणार!

३० नोव्हेंबर

आजचा प्रवास — ढगावर विणकाम. लोकर खाली शहरापर्यंत लोंबते आहे, एका पोलिसाने तिचं टोक धरलंय. माझ्या मते आतापर्यंतचा सर्वात सुंदर. आईने फोटोला बोट लावून विचारलं, "परत कधी येणार ही?"

येईल, म्हटलं. तुझ्याशिवाय करमतंय तिला?

९ डिसेंबर

आई नाही.

लॅबमधून आले, दार सताड उघडं. खालच्या मजल्यावरच्या काकू दुपारी डोकावतात, पण आज त्यांनाच ताप. आईचा करडा कोट नाही, रुमाल नाही. घरातल्या सपाता पायात. त्या सापडत नाहीत म्हणजे पायातच. बाहेर हात कापतील असा गारठा.

जिना, समोरची इमारत, बाग, बसथांबा, लॉन्ड्री. लॉन्ड्री बंद होऊन किती वर्षं झाली, तरी गेले.

१० डिसेंबर

चौकीतल्या बाई चांगल्या होत्या. माझ्यापेक्षा लहान, जाड चष्मा. उंची, बांधा, कपडे लिहून घेतले. ओळखीची खूण? डाव्या गालावर भाजल्याचा व्रण, मोठा. "हं. बरं झालं, पटकन सापडतील. फोटो द्या अलीकडचा."

मोबाईल काढला. चंद्र. पुढे सरकवला. देवमासा. सर्कस. दीपगृह. ढग. मी बोट फिरवते आहे, बाई वाट बघताहेत. घामाने बोट मोबाईलवरून घसरायला लागलं.

"साधा नाही का एखादा?"

नाही. एकही नाही. मोबाईलमध्ये आईचे शंभरावर फोटो आणि आई एकातही नाही.

"आणि व्रण?"

पुसलाय, म्हटलं.

"सगळ्यांत?"

सगळ्यांत.

बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. जुन्या ओळखपत्रावरचा फोटो दाखवला, तर तो लॉन्ड्रीच्या आधीचा, काळे केस, भरलेले गाल. "याचा उपयोग नाही हो." शेवटी मटारवाला घेतला. चंद्र कापला, चेहरा राहिला. "मी खाली व्रणाचं लिहिते. पण लोक वाचत नाहीत, ताई. लोक फोटो बघतात."

१० डिसेंबर, संध्याकाळ

व्रण परत काढायला बसले.

सोपं आहे. मी दिवसभर दुसरं काय करते? रंग घे, कड धूसर कर, थोडी चमक. डाग पाडण्यात माझा हात धरणारं कोणी नाही लॅबमध्ये.

आठवेना!

जबड्यापासून सुरू होतो, एवढं पक्कं. पुढे? वर डोळ्याकडे वळतो की कानाकडे? कड सरळ की वेडीवाकडी? रंग — गुलाबी? तांबूस? तो माझ्यासमोर रोज जेवला, झोपला, माझ्याशी बोलला. मी शंभर वेळा त्याच्यावरून बोट फिरवलं. आणि मला तो काढता येईना. एकदा कानाकडे नेला — कुणीतरी दुसरीच बाई. एकदा डोळ्याकडे — चिखल उडाल्यासारखा. तिसऱ्यांदा तर आई मला ओळखूच येईना.

पुसला. गुळगुळीतच फोटो छापायला दिला.

११ डिसेंबर

पोस्टर लावले. हरवल्या आहेत. फोटो. खाली व्रण, कोट, रुमाल, माझा नंबर. छत्रीवाले आले, गोंदाची बादली आणि ब्रश घेऊन. एक शब्द लागेलसा बोलले नाहीत. नदीपलीकडे, मंडईत, बसआगारात, जिथे जागा तिथे. कुलूपवाले मास्तरही आले. चांगली माणसं आहेत.

मावशीने जीव नकोसा केला. आली, अर्धा गठ्ठा हिसकावून घेतला आणि पोस्टर बघून पायरीवरच बसली.

"ही कोण? ही कोण छापलीस तू? माझ्या बहिणीला हिच्यावरून कोण ओळखणार?"

म्हटलं, दुसरा फोटो नाही.

"कसा असेल? तुला ती आहे तशी नकोच होती!"

मीही ऐकून घेतलं नाही. तोंडाला येईल ते बोलले. तू किती दिवस सांभाळलीस, तू कुठे होतीस, महिन्यातून एकदा येऊन शहाणपणा शिकवणं सोपं. तिने गठ्ठा छातीशी धरला. "मी शोधीन माझ्या बहिणीला. तू मला फोन करू नकोस." पाय ओढत जिना उतरून गेली. मी वरून बघत राहिले, हाक मारली नाही.

१२ डिसेंबर

पहिला फोन! घाईत दोनदा मोबाईल पडला.

चपलांचा दुकानदार, नदीपलीकडचा. "बाई, तुमच्या हरवलेल्या नातेवाईक नाही दिसल्या. पण त्यांना शोधणाऱ्या आजी आमच्याकडे येऊन गेल्या. तेच पोस्टर हातात. गिऱ्हाइकांना एकेकाला दाखवून विचारत होत्या. थंडीचं बरं नव्हे या वयात, एवढं सांगायला फोन केला."

मावशी! त्या गुडघ्यावर!

आभार मानले. फोन करावासा वाटला मावशीला. नको म्हणाली होती ना. नाही केला.

१३ डिसेंबर

चौकीतल्या बाईंचा निरोप. या, एक बघायचंय.

थंडगार खोली, फरशी ओली. छत्रीवाले दाराशी थांबले. चादर बाजूला केली. केस पांढरे. मी चेहऱ्याकडे न बघता आधी डावा गाल बघितला. कोरा.

नाही, म्हटलं.

"नीट बघा."

आई नाही. व्रण नाही. मला आनंद झाला! कुणाची तरी आई तिथे पडली होती आणि मला आनंद झाला. बाहेर येऊन ओकले. छत्रीवाल्यांनी पाणी दिलं. मग म्हणाले, "मी तेव्हा साधा फोटो मागितला, ते टोचून बोलायला नव्हतं. माझी बायको गेली तेव्हा माझ्याकडे तिचा एकच होता. छत्रीआडचा."

म्हणून छत्र्या. आणि मी काय काय बोलले असेन यांच्या पाठीमागे!

१३ डिसेंबर, दुपार

आणखी फोन. बसआगारातली तिकीटखिडकीवरची मुलगी. "तुमच्या आजी इथेच बाकावर बसून असतात. येणाऱ्या प्रत्येक बसमध्ये चढून विचारतात. आम्ही चहा-पाव देतो." मग एक शिंपी. मग मंडईतला फळवाला. तोच प्रकार. आजी आल्या होत्या, पोस्टर दाखवून गेल्या, फार गोड आहेत.

गोड! मावशी! माणूस दुःखाने बदलतं म्हणतात ते खरं.

आईबद्दल मात्र एक फोन नाही. इतक्या लोकांनी मावशी बघितली, आई एकालाही दिसली नाही.

१४ डिसेंबर

मंडईत गेले. फळवाल्याला म्हटलं, हिला बघितलंत? त्याने हात जोडले. "ताई, तुमच्या आजी आत्ताच विचारून गेल्या की. एक संत्रं दिलं त्यांना. घेत नव्हत्या. म्हणाल्या, माझी मुलगी घरी रडत बसली असेल, तिने कुठं काय खाल्लंय."

माझी मुलगी.

मावशीला मूलबाळ नाही. आयुष्यभर मला कार्टी, टवळी, शहाणी, यापलीकडे काही म्हटलं नाही तिने. आणि भर मंडईत परक्या माणसाला माझी मुलगी म्हणाली! तिथेच रडू फुटलं. संत्र्यांच्या ढिगापाशी उभी राहून रडत होते. माय मरो पण मावशी उरो — म्हण आपोआप मनात आली आणि जीभ चावली. नको. तसलं काही मनातसुद्धा नको.

धावत दोन गल्ल्या बघितल्या. मावशी दिसली नाही. सापडली असती तर पायाच पडले असते.

उद्या तिच्याकडे जाते. माझंच तोंड काळं, मीच जायला हवं.

१५ डिसेंबर

सकाळीच गेले. मावशीने दार उघडायलाच इतका वेळ लावला की मी घाबरले. काठी टेकत आली. गुडघा उशीएवढा सुजलेला.

मी गळ्यात पडले. म्हटलं, चुकले, मावशी. आणि तू आता बाहेर पडायचं नाहीस. एवढ्या थंडीत, मंडई काय, बसआगार काय, बसमध्ये चढून लोकांना विचारतेस! सगळे सांगतात मला. मला माझी मुलगी म्हणालीस —

मावशीने मला मधेच थांबवलं.

"कोण म्हणालं तुला? मी तर त्या दिवशी तुझ्याकडून आले ती पडूनच आहे."

आणि टेबलाकडे बोट केलं. अर्धा गठ्ठा. दोरी तशीच बांधलेली.

मावशीला माझ्याआधी कळलं. तोंडावर हात गेला तिचा. करडा कोट, रुमाल, हनुवटीखाली गाठ. कुणाला व्रण दिसणार? कुणाला शंका येणार? हरवलेल्या माणसाला सगळे शोधत होते. शोधणाऱ्या माणसाला सगळ्यांनी चहा पाजला.

चार दिवस लोक मला फोन करून आई कुठे आहे ते सांगत होते!

छत्रीवाल्यांना फोन केला, ते रिक्षा घेऊन खाली आलेत. बसआगाराकडे निघते आहे.

१६ डिसेंबर

रुग्णालयात, आईच्या खाटेशी. छातीत कफ भरलाय. डॉक्टर नीट काही सांगत नाहीत.

काल आगारातल्या बाकावर बसली होती. सपाता फाटलेल्या, चिंधीने पायाला बांधलेल्या. तापाने फणफणलेली. मांडीवर भिंतीवरून सोलून काढलेलं पोस्टर, कडेला गोंद. मी समोर जाऊन गुडघ्यावर बसले. रुमाल सोडला. व्रण डोळ्याकडे वळतो. कानाकडे नाही.

तिने माझ्याकडे बघितलं आणि पोस्टर पुढे केलं.

"अहो बाई, हिला पाहिलंत का कुठं? भटकभवानी आहे मेली. माझ्या मुलीचा फार जीव आहे हो हिच्यावर. ही घेतल्याशिवाय मी घरी कशी जाऊ?"

सापडली, म्हटलं. चला, मी दाखवते तुम्हाला.